कुरवाच्या हयातीचा दाखला

बँकेत बावीस वर्षं सह्या पडताळलेल्या माणसाने पक्षी बघण्याच्या नादी लागू नये. आणि लागलाच तर मोर, पोपट, कावळा अशा सरळमार्गी मंडळींपाशी थांबावं, असं माझं स्वच्छ मत आहे. मोर हा आदर्श खातेदार. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा मोर ताडून पाहिला की डोळे मिटून पैसे द्यावेत. कावळ्याचं तर विचारूच नका. खातं उघडताना जी सही केली तीच शेवटपर्यंत. पण कुरव नावाचा जो पक्षी आहे (मुंबईकर ज्याला सीगल म्हणतात आणि मांडव्याच्या लाँचमधून गाठ्या चारतात तोच), तो दरवर्षी सही बदलतो. पहिल्या हिवाळ्यात एक, दुसऱ्या हिवाळ्यात दुसरी, शिवाय मोठा झाल्यावर उन्हाळ्याची निराळी आणि हिवाळ्याची निराळी. असा खातेदार माझ्या काउंटरवर आला असता, तर मी त्याला "साहेबांना भेटा" एवढंच सांगून खाली मान घातली असती.

त्यात नावांचा घोळ. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या कुरवांत दोघे नेहमीचे. एक काळ्या डोक्याचा कुरव, दुसरा तपकिरी डोक्याचा कुरव. नावं वाचून माणूस साहजिकच डोकं बघायला जातो. तर हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी! कानामागे शाईचं बोट पुसावं तसा एक डाग, बस्स. बरं, ज्याला काळ्या डोक्याचा म्हणतात त्याचं डोकं उन्हाळ्यातसुद्धा काळं नसतं, चॉकलेटी असतं. आणि ते चॉकलेटी डोकं तो चढवतो कधी, तर आपल्याकडून परत निघायच्या सुमाराला. म्हणजे ज्या खुणेवरून नाव पडलं ती खूण घरी ठेवून हा आपल्याकडे चार महिने राहून जातो. "आधार कार्ड गावाला राहिलं हो," असं म्हणणारे खातेदार मी रोज बघतो. ते ही विद्या कोणाकडून शिकले ते मला आता कळलंय.

मग ओळखायचं कशावरून? जाणकार सांगतात, डोळ्यावरून. तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिका, काळ्या डोक्याच्याचा गडद. तीनशे फुटांवर लाटांबरोबर वरखाली होणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्याचा रंग बघायचा! आमच्याकडे काउंटरवर कोपर टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायची कोणाची छाती नसते. नाहीतर मग पंख बघा. तपकिऱ्याच्या पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी. हेही तुम्ही घोकून पाठ केलंत, तर जाणकार शांतपणे सांगतात की हे सगळं मोठ्या पक्ष्याचं झालं. पोरसवदा तपकिऱ्याचा डोळाही गडदच असतो आणि ते ठिपकेही त्याला फुटलेले नसतात. तेव्हा कुरवाला आधी वय विचारायचं आणि मग नाव. आमच्या फॉर्मवर पहिला रकाना नावाचा असतो. वय पुढे कुठेतरी येतं, आणि तेही बायकामाणसं आली की आम्ही हळू आवाजात विचारतो.

बी.कॉम. माणसाला हा नाद कसा लागला, असं लोक मला विचारतात. जणू पक्षी ही काही सायन्सवाल्यांची मक्तेदारी आहे. अशांना मी एकच सांगतो. खुद्द सलीम अलींनी तरुणपणी मुंबईच्या दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये कायदा आणि हिशेबाचे धडे घेतले होते. पुढे ते पक्ष्यांकडे गेले आणि मी बँकेत आलो, एवढाच काय तो फरक. हल्ली आम्हाला कारकूनही म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पिसारा नवा, पक्षी तोच.

माझी नेमणूक भोरला आणि आठवड्यातून दोन दिवस डेप्युटेशनवर वेल्ह्याला. (त्या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण पावतीवर हात अजून 'वेल्हे'च लिहितो.) नसरापूरवरून मोटरसायकलने जायचं, समोर तोरणा, आणि परतताना उजेड असला तर गुंजवणी धरणाच्या पाण्याकडे एक फेरी. तिथे मला कुरव कधी दिसला नाही. नदीसुरय दिसले, आणि एकदा आमचे एक कर्जदार दिसले. मी दुर्बीण लावून पाण्याच्या कडेचा एक पांढरा ठिपका बघत होतो, तेवढ्यात ते बांधावरून धावत आले.

"साहेब, दोन्ही म्हशी हायेत. एक पाण्यात बसलीय म्हणून दिसंना."

"अहो, मी पक्षी बघतोय."

"बघा की. पण म्हस पण बघून घ्या."

दुर्बिणीतून मला त्यांनी दुसरी म्हैस दाखवली, तिची शिंगं ओळखीची करून दिली, आणि हप्ता एक तारखेला नक्की भरतो असं मी न विचारता सांगितलं. तो पांढरा ठिपका म्हणजे बगळा होता. हप्ता मात्र खरंच आला. वसुलीचा हा मार्ग मी वरिष्ठांना अजून कळवलेला नाही.

पण माझ्या या नादाचं खरं कारण अण्णा, म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव भोर तालुक्यात, वेळवंडी नदीच्या काठी. 'काठी' हे आजोबांच्या लहानपणापर्यंत. १९२८ साली भाटघरच्या धरणाचं उद्घाटन झालं, तेव्हा त्याला मुंबईच्या एका गव्हर्नरावरून लॉइड धरण म्हणत. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. त्या पाण्याने आमचं गाव नदीच्या काठावरून थेट तळाशी नेलं. माणसं वर डोंगराला सरकली, भाताची खाचरं खाली राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं देऊळ जसं दरसाल बाहेर येतं, तशी आमची खाचरं काही बाहेर येत नाहीत. ती अधिक खोल आहेत. पुढे अण्णा पाटबंधारे खात्यात लागले आणि नीरा डाव्या कालव्यावर नोकरी करून निवृत्त झाले. म्हणजे ज्या पाण्याने आजोबांची जमीन बुडवली, त्याच पाण्याच्या पाळ्या त्यांच्या मुलाने बारामती-इंदापूरच्या उसाला मोजून दिल्या, आणि त्याची पेन्शन आता नातवाच्या बँकेत जमा होते. याला आमच्या कॉमर्समध्ये दुहेरी नोंद म्हणतात.

चुलतभाऊ अजून वरच्या गावात राहतो. हिवाळ्यातल्या रविवारी अण्णांना घेऊन मी तिकडे जातो. २०२२ च्या जानेवारीत असेच पाण्याच्या कडेला बसलो होतो. मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी ओढत होते, वारकरी बदकं (टाळ-मृदंगाविना) पोहत होती, आणि पाण्यात शिरलेल्या मातीच्या जिभेवर एक मोठा पक्षी एकटाच उभा होता. घारीपेक्षा थोराड. कपाळ उतरतं, चोच लांब आणि जाड, टोकाला काळी. पाठ राखाडी, पंखावर मळकट तपकिरी. तो उडाला तेव्हा पांढऱ्याशुभ्र शेपटीच्या टोकाला रुंद काळा पट्टा दिसला. चेकवर दोन आडव्या रेघा मारून त्यांच्या मधे कोणी दौत उपडी करावी, तसा.

फोटो पुण्यातल्या एका जाणकारांना दाखवला. ते म्हणाले, हा मोठा काळ्या डोक्याचा कुरव, म्हणजे पल्लासचा, पहिल्या हिवाळ्यातला. पेटर सिमोन पल्लास नावाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ साली, कास्पियन समुद्राकडच्या पक्ष्यांवरून, याची नोंद केली आणि शास्त्रीय नाव ठेवलं त्याचा अर्थ होतो मत्स्यगरुड. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हा दर हिवाळ्याला थोडाफार दिसतो. भाटघरला दिसणं म्हणजे आमच्या शाखेत परदेशी चलन येण्यासारखं. वीण कास्पियनपासून मंगोलियापर्यंतच्या सरोवरांवर. भोरमध्ये मी हे सांगितलं तर एकजण म्हणाले, "समुद्रावरचा पक्षी ना? वरंधा घाट चढून आला असेल महाडकडून." मी म्हटलं, नाही, हा उत्तरेकडून येतो. ते म्हणाले, "मग चुकला असेल." कोकणाखेरीज समुद्र असू शकतो हे भोरला मान्य नाही.

छोटे कुरव दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मोठे दिसू लागतात. या महाशयांना मात्र पुरते सज्ञान व्हायला चौथा हिवाळा उजाडतो. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्या पक्ष्यांत रस घेताना दिसले.

"म्हणजे अज्ञान खातेदार म्हण की."

"हो."

"मग पालक कुठाय?"

पालक कुठेच नव्हता. अण्णा बराच वेळ त्या पक्ष्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आपल्या खाचरावर उभा आहे बघ." खाचर नेमकं कुठे हे मला कधी कळलेलं नाही, पण ज्यांनी जन्मभर पाण्याची पातळी मोजली त्यांच्याशी वाद कसा घालणार? घरी आल्यावर त्यांनी जुन्या पद्धतीचं एक लांबडं रजिस्टर काढलं, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले. तारीख, पाण्याची पातळी (अंदाजे), पक्षी, वय, शेपटीचा पट्टा, शेरा. शेऱ्यात लिहिलं, 'एकटा. अज्ञान. पालक हजर नाही.' खाली सही. सरकारी माणसाची सही, खाली लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं.

२०२३ च्या जानेवारीत त्याच जागी एकच मोठा कुरव होता. पंख आता बरेच राखाडी झाले होते, टोकांना काळं होतंच, पण शेपटीचा पट्टा अरुंद झाला होता. दुसरा हिवाळा. पुस्तकाप्रमाणे पैन्‌पै बरोबर.

"तोच," अण्णा म्हणाले.

"तोच कशावरून? दुसऱ्या हिवाळ्यातला कोणीतरी आहे, एवढंच म्हणता येईल."

"एक वर्षात एक वर्षाने मोठा झालाय. आणखी काय पाहिजे तुला?"

मला पायात कडी पाहिजे होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या पायात नंबर कोरलेल्या कड्या घालते. कडी असली म्हणजे खातं क्रमांक मिळाला, मग रूप कितीही बदलो. याचे दोन्ही पाय मोकळे. अशा बिननंबरी इसमाला 'तोच' म्हणणं माझ्या पेशाला शोभत नव्हतं. अण्णांनी रजिस्टरात 'तोच' असं लिहिलं आणि मी आग्रह केला म्हणून पुढे बारीक अक्षरात 'बहुधा' घातलं. घरी सौभाग्यवती म्हणाल्या, "एका पक्ष्याच्या शेपटीचा पट्टा अर्ध्या इंचाने कमी झाला तर तुम्हाला कळतं. मी चष्म्याची फ्रेम बदलून तीन आठवडे झाले." मी ताबडतोब चष्म्याकडे बघितलं. छान होती फ्रेम.

त्या वर्षी नोव्हेंबरात अण्णा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि ते अंथरुणाला खिळले. आणि नोव्हेंबर हा तर हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शनर जिवंत आहे हे त्याने दरसाल याच महिन्यात सिद्ध करायचं असतं. मी यंत्र घरी घेऊन गेलो. अण्णांची बोटं कालव्याच्या दारांची चाकं फिरवून आधीच गुळगुळीत झालेली. एकेक करून दहाही लावली. यंत्र दहा वेळा म्हणालं, 'जुळत नाही.' अण्णा पलंगावरून त्या यंत्राला जे म्हणाले ते म्हणण्यासाठी माणूस हयात असावा लागतो. पण ते ऐकायची सोय यंत्रात नव्हती.

मग कागदाचा फॉर्म. मुलगा म्हणून मला साक्षांकित करता येईना. शेजारच्या काउंटरवरचा तरुण सहकारी घरी आला. अण्णांनी सही केली. ती बघून तो माझ्याकडे वळला. त्याच्या हातात बावीस वर्षांपूर्वीची नमुना सही होती, खाली ठाम रेघ, दोन टिंबं. आणि फॉर्मवर मुंगीने शाईतून चालत जावं तशी अक्षरं, रेघ डोंगर उतरत गेलेली.

"सर, काय करू?" तो हळूच म्हणाला. "जुळत नाही."

मी म्हटलं, "आधी वय बघ. मग सही बघ."

त्याने वय बघितलं. मग भिंग काढलं आणि पुन्हा सही बघितली. पहिल्या अक्षराची गाठ तशीच होती. रेघ वाकडी असली तरी डावीकडून तेवढ्याच अंतरावर सुरू झाली होती. आणि रेघेखाली, एक वर एक खाली, पण दोन टिंबं होती. त्याने शिक्का मारला.

तो हिवाळा आम्ही घरीच काढला. रजिस्टरातलं ते पान कोरं. मी एकटा जाऊन आलो असतो, चुलतभावाने दोनदा फोनही केला, की "एक मोठा पांढरा बसतोय खाली." पण अण्णा म्हणाले, "फोनवरची पातळी आम्ही कधी लिहिली नाही." आणि त्यांना एकटं टाकून मलाही जाववेना. तिसऱ्या हिवाळ्यात या कुरवाच्या शेपटीला पट्ट्याची नुसती खूण राहते, आणि पंखाच्या टोकाला काळं मोठ्या पक्ष्यापेक्षा जास्त असतं. तेवढं मी पुस्तकातून वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत, पहिल्या रविवारी, चुलतभावाची गाडी पाण्यापर्यंत नेली. वॉकर चिखलात रुतत होता म्हणून खुर्ची मांडली. कुरव होता. एकटाच, त्याच जिभेवर.

मी दुर्बीण लावली आणि एकेक कलम वाचत गेलो. शेपटी पूर्ण पांढरी. पंखाची टोकं पांढरी, त्यांत काळ्या चंद्रकोरी. पाय पिवळे. चोच पिवळी, टोकाशी काळा आणि लाल रंग. आणि डोकं अर्धं काळं झालेलं! हा एक कुरव मात्र नावाला जागतो. निघायच्या आधीच, फेब्रुवारीच्या सुमाराला, खरोखरचं काळं डोकं चढवतो. डोळ्याच्या वर-खाली दोन पांढऱ्या कोरी तेवढ्या शिल्लक ठेवतो. आमच्या शाखेतले एक सहकारीही लग्नसराईच्या आधी हेच करतात आणि कानाजवळ तेवढं पांढरं राहून जातं.

"चौथा हिवाळा," मी म्हटलं.

"हिशेब जुळला," अण्णा म्हणाले. "लिही, तोच."

"अण्णा, मधल्या वर्षाची नोंद नाही. हा दुसराच कोणी मोठा पक्षी असू शकतो."

अण्णांनी माझ्या हातातली दुर्बीण घेतली, पण लावली नाही. "तुमच्या बँकेत खातं निष्क्रिय कधी धरतात?"

"दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर."

"मग? इथे तर एकच वर्ष गेलंय."

याला उत्तर नव्हतं. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तसा. मी रजिस्टर मांडीवर घेऊन लिहिलं: पट्टा नाही, वय, सज्ञान, शेरा, तोच. 'बहुधा' घालण्यासाठी पेन टेकवलं, अण्णांनी बघितलं, मी उचललं. त्यांनी खाली सही केली. रेघ पुन्हा उतरत गेली. टिंबं दोन.

"आता पाचव्या वर्षी काय बदलतं याचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. एकदा मोठा झाला की पिसांवरून पुढचं वय कळत नाही. पाच काय नि पंधरा काय, सारखाच दिसतो."

"हे बरं आहे," अण्णा म्हणाले. "मग पुढच्या साली वयाचा रकाना आखू नकोस. आला की नाही, तेवढं लिहू. आणि तो डबा काढ, थालीपीठ गार होतंय."